रेतीचा नकाशा आणि कास्तकाराची विहीर

घर असो, पूल असो कीं सडक असो, रेतीवांचून काम चालत नाहीं. म्हणून रेतीची मोजदाद व्हावी याविषयीं दुमत नाहीं. केंद्र सरकारनें १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनें रेतीसाठीं जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक ठरविला, हें योग्यच झालें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घाटावर किती ब्रास रेती निघेल हें सांगणें निराळें आणि जमिनीखालीं ती कोठवर पसरली आहे हें दाखविणें निराळें.

आपला वर्धा जिल्हा बहुतांशीं काळ्या पाषाणाचा. रेती व गोटे यांचे थर वर्धा, वेणा यांसारख्या नद्यांच्या कडेनेंच सांपडतात. परंतु ते पात्रापाशीं संपत नाहींत, कांठच्या काळ्या मातीखालींही जातात. कांठच्या विहिरींस पाणी पुरवितात ते हेच थर. भिजलेल्या स्वच्छ रेतीच्या आकारमानाच्या साधारण पंचमांश पाणी तींतून मोकळें होतें. म्हणजे एक हेक्टरांतील एक मीटर थर सुमारें वीस लक्ष लिटरांची कोठी होय. पात्र खोल गेलें कीं विहिरींचें पाणीही त्यामागें उतरतें. शिवाय सिंभोऱ्याचें ऊर्ध्व वर्धा व धनोडीचें निम्न वर्धा हीं धरणें वरून येणारी रेती अडवितात. गेलेली रेती पूर्वीच्या वेगानें भरून येईल, अशी आशा धरूं नये.

ब्रिटनच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेनें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत ठिकठिकाणीं बोअर घेऊन रेतीचे नकाशे केले; त्यांत वरच्या मातीची जाडी, थराची जाडी व कणांचें मान दिलेलें असे. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी मोजतेच. ती पातळी व रेतीचे थर एकाच नकाशावर, गटनंबरांसह, यावेत. आणि घाट किंवा घरांचे प्लॉट ठरण्यापूर्वीं तो ग्रामसभेपुढें ठेवावा, अशी आमची मागणी आहे.

यानें बांधकाम अडेल, ही भीति व्यर्थ होय. जिल्ह्यांत विपुल असलेला काळा पाषाणच दळून कृत्रिम रेती होते, व तिचें धोरण राज्य शासनानें २०२५ सालीं स्वीकारलेंही आहे. मात्र त्या खाणींची जागाही विहिरींपासून दूर, नकाशा पाहूनच ठरावी.

सरकार करील तेव्हां करो. कास्तकारांनीं आजच आरंभ करावा. विहीर खणतांना किंवा बोअर घेतांना किती हातांवर माती संपली, किती हातांवर रेती लागली व पाणी कोठें आलें, हें प्रत्येकानें गटनंबरासह लिहून ठेवावें. गांवोगांवचीं अशीं टिपणें जुळलीं, तर नकाशाचें अर्धें काम आपल्याच हातून झालें असें होईल, आणि तें टाळून पुढें जाणें कोणास सोपें जाणार नाहीं.