पासपोर्टाआधी पुस्तक

आमच्या मंडणगडात मुलगा बारावी झाला की घरात पहिला विषय निघतो तो पासपोर्टचा. आखाताच्या पगारावर घरं उभी राहिली, हे मी नाकारत नाही. पण त्या घरांत पुस्तकं क्वचितच दिसतात. असलंच तर 'श्रीमंत कसे व्हाल' छापाचं एखादं.

अमेरिकेतल्या काळ्या तरुणांना घडवणारी पुस्तकं वेगळी आहेत. माल्कम एक्सने तुरुंगात शब्दकोश पहिल्या पानापासून उतरवून काढला आणि मग वाचत सुटला. त्याचं १९६५चं आत्मचरित्र माणसाला स्वतःला बदलायला सांगतं, पण आपण खाली का राहिलो, हा प्रश्नही सोडत नाही.

हे आपल्याला परकं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. त्यांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

आपल्याला तर पहिला हुकूमच 'इक्रा', म्हणजे 'वाच', असा आहे. मुलाला आखातात जरूर पाठवा. पण नुसता पगार मोजणारा नको, प्रश्न विचारणारा करून पाठवा.