खोक्यावर शेवटची तारीख छापा

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. २०१५ च्या जुलैत आलेली ही प्रणाली दहा वर्षं चालली आणि तिची मुदत कंपनीने आधीच जाहीर केलेली होती. तेवढ्यापुरतं कंपनीला दोष देता येणार नाही. खरी अडचण पुढे आहे. विंडोज ११ फुकट मिळते, पण ती प्रत्येक कॉम्प्युटरवर चढत नाही. तिला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. सातव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ साली दुकानांत नवेकोरे म्हणून विकले जात होते. विंडोज ११ आली २०२१ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पन्नास हजार मोजून असा लॅपटॉप घेणाऱ्याला चार वर्षांत कळलं की आपल्या यंत्राला पुढची वाट नाही. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, काम नेहमीसारखंच होतंय, पण तपासणीचं अ‍ॅप उघडलं की एकच उत्तर येतं: हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटींत बसत नाही.

बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात निघू शकतात.

हा आकडा परदेशातला वाटत असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारावी. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात. ते पुसूनसावरून, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून, रॅम वाढवून पुन्हा विकायला येतात. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा पहिला लॅपटॉप, छोट्या सीएच्या ऑफिसातलं दुसरं मशीन, डीटीपीवाल्याचं रोजचं साधन, यातली बरीच गरज या बाजारावर भागते. गिऱ्हाईक बिजागरी हलवून बघतं, कळा दाबून बघतं, चार्जर ओरिजिनल आहे का विचारतं, बॅटरी किती तास टिकेल विचारतं. खाली चिकटवलेल्या स्टिकरवर आय-फाइव्ह लिहिलेलं असलं की समाधान होतं. तो आय-फाइव्ह कितव्या पिढीचा, हे फारच थोडे विचारतात, आणि या यंत्राला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे कुठे लिहिलेलंच नसतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाची मुदत देऊ केली, पण सगळ्यांना सारखी नाही. युरोप सोडून बाकीच्या जगाला एकतर तीस डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवा किंवा रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, असे पर्याय होते. युरोपात ग्राहक संघटनांनी जोर लावल्यावर तिथल्या घरगुती ग्राहकांसाठी पैशांची आणि बॅकअपची अट निघाली. सॉफ्टवेअर तेच, धोका तोच. फरक पडला तो तिथे कायदा आणि संघटना ग्राहकाच्या पाठीशी उभ्या होत्या म्हणून. भारतातल्या ग्राहकाने यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

लॅपटॉपपेक्षा हा प्रश्न फोनच्या बाबतीत जास्त बोचतो, कारण आता फोन म्हणजेच पाकीट आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की त्यात सिक्युरिटी अपडेटची एक ओळ असते आणि तिच्यापुढे तारीख असते. वाचकांनी ती आजच बघावी. ती दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल तर मधल्या काळात सापडलेल्या बहुतेक फटी त्या फोनमध्ये बुजवलेल्या नाहीत. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या सापडलेल्या फटींची यादी जाहीर करतं. ज्यांच्या फोनला दुरुस्ती मिळते त्यांच्यासाठी ही यादी चांगली बातमी असते. ज्यांच्या फोनला ती मिळत नाही, त्यांच्या दाराची कडी कुठून निघते याची माहिती तेवढी चोरापर्यंत पोहोचते. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा वेळी इशारा देते आणि अपडेट करून घ्या असं सांगते. सल्ला योग्यच आहे. पण ज्या फोनला कंपनीने वाऱ्यावर सोडलं आहे, त्याच्या मालकाने अपडेट आणायचं कुठून?

मग हळूहळू अ‍ॅपही साथ सोडतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०२५ च्या पहिल्या दिवसापासून अँड्रॉइड किटकॅटवर चालणं थांबवलं. बँकांची अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडला नकार देतात आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. तरी भुर्दंड पडतो तो ज्याने आठ-दहा हजारांचा फोन पोटाला चिमटा काढून घेतला त्याला. महागड्या फोनवाल्याला सात वर्षांचं आश्वासन मिळतं. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरात पिक्सेल ८ साठी ते दिलं, सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २४ साठी दिलं. स्वस्तातल्या अनेक फोनना दोन-तीन वर्षांच्या पुढे काही मिळत नाही. ज्याला फोन जास्त काळ पुरवून वापरायचा आहे, त्यालाच कमी आयुष्याचा फोन विकला जातो. ही उलटी रीत मोडली पाहिजे.

महाराष्ट्राने याचा एक धडा गिरवलेला आहे. पोषण अभियानाच्या कामासाठी राज्यातल्या लाखभर अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी मोबाइल दिले गेले. रॅम होती दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवं अ‍ॅप आलं आणि मुलांची वजनं, उंची, आहाराच्या नोंदी त्यात भरायच्या असं ठरलं. फोन त्या कामाला पुरे पडेनात. ते तापायचे, मध्येच अडकायचे, भरलेली माहिती जायची. तोवर वॉरंटीही संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी मारला जातो अशी सेविकांची तक्रार होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. मानधनावर राबणाऱ्या बायकांना सरकारने दिलेलं यंत्र सरकारच्याच दारात नेऊन ठेवावं लागलं. नव्या फोनची मागणी २०२३ च्या संपातही होतीच. एखादं यंत्र किती वर्षं आणि कोणत्या कामाला पुरेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारला गेला असता, तर एवढ्या बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं नसतं.

बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर कधीपर्यंत खावं ते छापलेलं असतं. तीस हजारांच्या फोनच्या खोक्यावर तो कधीपर्यंत सुरक्षित राहील हे छापलेलं नसतं. ते छापणं कायद्याने सक्तीचं करावं, ही मागणी आता जोराने करायला हवी.

हे होण्यासारखं आहे, याचा पुरावा ब्रिटनने दिला आहे. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे असा कायदा लागू आहे, की इंटरनेटला जोडली जाणारी घरगुती वापराची बहुतेक उपकरणं विकताना त्यांना किमान कधीपर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार ते उत्पादकाने जाहीर केलंच पाहिजे. मोडणाऱ्याला एक कोटी पौंडांपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड आहे. अ‍ॅपल आपल्या जुन्या फोनना बराच काळ सांभाळते, हे खरं. २०१३ च्या आयफोन ५ एसला २०२३ च्या जानेवारीतही सुरक्षेचं अपडेट मिळालं होतं. पण किती वर्षं देणार, हे ती कंपनी आकड्यात लिहून देत नव्हती. ब्रिटिश कायदा आल्यावर तिला आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी किमान पाच वर्षं असं लिहून द्यावं लागलं. कंपनीच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट ग्राहकाच्या हक्काची झाली, ती त्या एका कागदामुळे.

पाच वर्षं म्हणजे कोणत्या दिवसापासून पाच वर्षं, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कंपन्या साधारणपणे मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजतात. आपल्याकडे दिवाळीच्या सेलमध्ये दीड-दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत निघतं आणि त्यावर उड्या पडतात. तीन वर्षांचं आश्वासन असलेला फोन दोन वर्षांनी घेतला तर पदरात एकच वर्ष पडतं. बॉक्स सीलबंद, प्लॅस्टिक न फाडलेलं, पण आतल्या फोनचं बरंचसं आयुष्य कपाटातच सरलेलं. युरोपीय संघाने हे ओळखलं. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमांत अपडेटची पाच वर्षं त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर मोजायची आहेत. शिवाय बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही तिची ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फोनसोबत एक लेबल येतं, त्यावर दुरुस्तीची सोय किती याची श्रेणीही असते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फोनमधली चिप एका कंपनीची, अँड्रॉइड गूगलचं, फोन तिसऱ्याचा. चिप बनवणाऱ्याने तिचं सॉफ्टवेअर सांभाळणं सोडलं, की फोनवाल्याला एकट्याने ओढाताण करावी लागते आणि स्वस्त फोनमध्ये तेवढा नफा नसतो. हे सगळं मान्य आहे. परंतु इथली मागणी प्रत्येक फोनला सात वर्षं द्या अशी नाही. दोन वर्षं देणार असाल तर दोन लिहा, एवढीच आहे. दोन वर्षांचा फोन आणि पाच वर्षांचा फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, की दरवर्षी किती रुपये पडतात याचा हिशोब मराठी माणूस दुकानातच उभ्या उभ्या करेल, आणि मग चिपवाल्यांनाही मुदत वाढवावी लागेल.

असं घडल्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये स्टार लेबल आणलं, २०१० मध्ये ते एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी सक्तीचं झालं. आज तालुक्याच्या गावातही फ्रिज घेणारी बाई ‘किती स्टारचा?’ असं आधी विचारते. विजेच्या बचतीवर भाषणं देऊन जे झालं नसतं ते एका चिकटपट्टीने केलं. फोनच्या खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, ग्राहक सेवेचा पत्ता हे आजही छापावंच लागतं. त्यात आणखी एका ओळीची भर घालायला नवी यंत्रणा लागत नाही. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठी विक्रीवर अट घालणंही सरकारला नवं नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत.

ही ओळ फोनपुरती ठेवून चालणार नाही. ह्यूमेन या अमेरिकी कंपनीची ६९९ डॉलरची ‘एआय पिन’ २०२४ च्या एप्रिलमध्ये आली. कंपनीचा बराचसा भाग एचपीने विकत घेतला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद झाले. वर्षही न झालेली वस्तू निकामी झाली आणि पैसे परत मिळाले ते शेवटच्या नव्वद दिवसांत खरेदी करणाऱ्यांनाच. स्पॉटिफायचं गाडीत लावायचं ‘कार थिंग’ असंच ९ डिसेंबर २०२४ ला कायमचं गप्प झालं. घराबाहेर लावलेला वायफाय कॅमेरा, मोबाइलवरून चालणारा दिवा, स्मार्ट प्लग यांतल्या बऱ्याच वस्तू अशाच दूरवरच्या कुणाच्या तरी सर्व्हरवर जगतात. तेव्हा अपडेटची तारीख आणि सर्व्हर किमान कधीपर्यंत चालू राहील ती तारीख, दोन्ही लिहायला हव्यात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यानंतर पोर्टल काढलं. दुरुस्ती निर्देशांकासाठी भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवालही दिला. पाऊल चांगलं आहे. सुटे भाग किती सहज मिळतात, यंत्र किती सहज उघडतं, याला गुण मिळाले तर गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याचंही भलं होईल. पण सगळ्या निकषांचा मिळून एकच आकडा काढला, तर मुदतीची गोष्ट त्यात बुडून जाईल. पाचपैकी साडेतीन गुण म्हणजे फोन २०२८ पर्यंत सुरक्षित की २०३१ पर्यंत, हे कुणाला कळणार? तारीख वेगळी, ठळक आणि मराठीसह स्थानिक भाषांत हवी. क्यूआर कोडमागे दडवलेली तर मुळीच नको, कारण तो स्कॅन करायला आधी दुसरा फोन लागतो.

कायदा व्हायला वेळ लागेल. राज्य सरकारला मात्र थांबायची गरज नाही. अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, तलाठी कार्यालयं, पोलीस ठाणी यांच्यासाठी फोन, टॅब आणि कॉम्प्युटर दरवर्षी विकत घेतले जातात. त्या निविदांमध्ये तीन अटी घालता येतील: वाटपाच्या दिवसापासून किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट, तेवढीच वर्षं बॅटरी आणि स्क्रीनचा पुरवठा, आणि दुरुस्तीचा खर्च वापरणाऱ्या कर्मचाऱ्यावर न टाकण्याची लेखी हमी. एवढ्या मोठ्या संख्येची ऑर्डर हातची घालवायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही, आणि सरकारसाठी जी तारीख ती लिहून देईल तीच दुकानातल्या खोक्यावर छापायला तिला वेगळा खर्च येणार नाही.