आशाताईंना शिकण्यासाठी एक दिवस द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, परवा रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मोबाइलला रेंज इथेच मिळते आणि दिवसभराची माहिती ॲपवर भरायची राहिली होती. बोलता बोलता त्यांनी आठ दिवसांपूर्वीची गोष्ट काढली. एक तान्हं बाळ अंगावर पीत नव्हतं, हातपाय गार लागत होते. त्यांनी बाळाला आईच्या छातीशी बांधून लगेच दवाखान्यात पाठवलं. बाळ वाचलं. “पण बाई, मी केलं ते बरोबर होतं का, हे मला कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांचं हे वाक्य आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

मी जामखेड तालुक्यात राहते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथेच गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. खेड्यात पाठवलेल्या परिचारिका गावात रुजेनात, तेव्हा गावानेच आपली बाई निवडावी असं ठरलं. निवडलेल्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत. गावात काय घडलं ते सांगत, कुठे चुकलं ते एकमेकींकडून ऐकत, नवं काही शिकून परतत. सुरुवातीला या गावांत हजारी १७६ अर्भकं दगावत होती. दोन दशकांत हा आकडा विशीच्या आसपास आला.

केवळ औषधांनी हे झालं नाही. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं होतं. मग दलित वस्तीत हातपंप बसले, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, पडीक रानात झाडं लागली, बायकांना छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळू लागलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू किती घटले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२व्या दिवसापर्यंत फेऱ्या घालतात, त्याचं मूळ तिथे आहे.

साहेब, या दोन्ही ठिकाणच्या कामातल्या घरभेटी सरकारने घेतल्या, शिकणं मात्र मागे राहिलं. महिन्याच्या बैठकीत आकडे गोळा होतात. कुणाच्या घरी काय पाहिलं, हे कुणी विचारत नाही.

आठवड्यातला एक दिवस द्या. उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासोबत चार-पाच गावांच्या आशा बसतील. त्या दिवशी रजिस्टर नको, ॲप नको. प्रत्येकीने एका घराची हकिकत सांगावी. आणि त्या दिवसाचे पैसे तिला द्या. खुरपणीचा रोज बुडवून तिने शिकायला यावं, अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. तुटपुंज्या मोबदल्याऐवजी नियमित वेतन तर तिला मिळायलाच हवं.

गावागावांत आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छतेची समिती कागदावर आहे. कोणत्या वस्तीत पाणी खराब आहे, कोणत्या घरात चूल रोज पेटत नाही, हे आशाताईंना ठाऊक असतं. समितीत पहिलं बोलणं त्यांचं व्हावं.

सुरुवात आमच्या उपकेंद्रातून करा. त्या दिवशीचं जेवण गावातल्या आम्ही बायका करू. आशाताई आपली त्या बाळाची हकिकत सांगतील, आणि त्यांचं बरोबर होतं हे त्यांना सांगायला कुणीतरी समोर असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. जामखेड, जि. अहिल्यानगर