छत्रातील पंगत आणि शाळेतील ताट

तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०१ साली तेथील इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. आपल्या पूर्वजांनी रामेश्वराच्या वाटेवर बांधलेल्या छत्रांचा, म्हणजे धर्मशाळांचा, शिरस्ता कंपनी सरकारास समजावा म्हणून लिहिलेल्या त्या पत्रात, येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस जातिपाती न पाहता शिजलेले अन्न मिळते, ते ज्यास चालत नाही त्यास कोरडा शिधा मिळतो, मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांस बोलावले जाते, असा सविस्तर तपशील आहे. आणि त्याच ओघात असेही नमूद आहे की, छत्राच्या आश्रयास आलेली अनाथ मुले पंतोजींच्या हवाली होतात, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवू घातले जाते, दर चार दिवसांनी अभ्यंग घातले जाते, आणि दुखण्याखुपण्यासाठी छत्राच्या पदरी वैद्य असतात. या औदार्याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला त्यातील कारभाराची मांडणी अधिक विचारणीय वाटते. आचारी, पंतोजी आणि वैद्य हे तिघे एकाच छपराखाली, एकाच मुलासाठी तैनात होते.

आज त्याच तंजावरात या तिघांची तीन खाती झाली आहेत. शाळा शिक्षण खात्याची, दुपारचे ‘सत्तुणवू’ म्हणजे पौष्टिक भोजन समाजकल्याण खात्याचे, आणि मुलांची तपासणी आरोग्य खात्याची. मुलाने काय खावे, किती खावे आणि काय टाळावे, हे त्याला शिकविण्याची जबाबदारी मात्र या तिन्ही दफ्तरांपैकी एकाच्याही रुमालात सापडत नाही. आणि शालेय वयातील स्थूलतेला आवर घालावयाचा असेल तर आरंभ येथूनच केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपासमारीशी झुंजण्यात तमिळ मुलुखाने जे केले त्याला भारतात तोड नाही. १९२० साली मद्रास नगरपालिकेने आपल्या एका शाळेत सुरू केलेले दुपारचे जेवण कामराजांनी १९५६ च्या सुमारास राज्यभर नेले, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला आजचे व्यापक रूप दिले, आणि २०२२ पासून प्राथमिक शाळांतून सकाळची न्याहारीही मिळू लागली, जिचा पुढल्या वर्षीचा राज्यव्यापी विस्तार जुन्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै या गावी सुरू झाला. परंतु पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) याच राज्यातील पाच वर्षांखालील चारांपैकी एक बालक वयाच्या मानाने खुजे आढळते आणि प्रौढ स्त्रियांपैकी शंभरांत चाळीस जणी अतिवजनाच्या आढळतात. एकाच घरात मूल खुरटलेले आणि माता स्थूल, हे दृश्य आता अपवादात्मक राहिलेले नाही. युनिसेफच्या २०२५ सालच्या अहवालानुसार तर शालेय वयातील मुलांमध्ये लठ्ठपणाने जगभरात प्रथमच कमी वजनाला मागे टाकले आहे.

सरकारी शाळेच्या ओसरीवर मांडी घालून बसलेल्या मुलापुढे एके दिवशी सांबारभात असतो, दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा किंवा कढीपत्त्याचा भात, आणि आठवड्याचे पाचही दिवस उकडलेले अंडे. या ताटात उणीव आहे ती भाजीची. केंद्राच्या प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावयाची, आणि ५० ग्रॅम भाजी म्हणजे मुलाच्या मुठीत मावेल एवढीच. तरीही ते ताट मोजलेले आहे, शिजवलेले आहे आणि सर्वांना सारखे आहे. खासगी शाळेत ही पंगतच नाही. तेथे डबा घरून येतो, आणि डब्याबरोबर खाऊचे पैसे. शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबत असतात, त्याखाली शीतपेयांच्या बाटल्या, आणि गणवेशातले हात त्यांच्याकडे झेपावत असतात. तीनशे मिलिलिटरच्या एका गोड शीतपेयात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, हे त्या हातांना कोणी सांगितलेले नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, मेद, साखर आणि मीठ यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. ती पन्नास मीटर मोजावयास फीत घेऊन कोणी जात नाही.

यावर उपाय म्हणून पाठ्यपुस्तकात एक धडा वाढवावा, असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. धडा असावा, पण पिष्टमय पदार्थांची व्याख्या घोकून शंभरापैकी शंभर गुण मिळविणारी मुलगी त्याच संध्याकाळी टपरीवर उभी असते. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०२४ सालच्या आढाव्याचा निष्कर्षही सावध आहे: ५ ते ११ वर्षांच्या मुलांत केवळ आहारावर भर देणाऱ्या उपक्रमांनी वजनात फारसा फरक पडत नाही, आहाराला खेळाची आणि हालचालीची जोड मिळाली तर थोडा पडतो. जपानने २००५ साली आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, त्याच वर्षापासून शाळांतून पोषणशिक्षक हे पद निर्माण केले, आणि मुलांनी एकमेकांना वाढण्याची जी दुपारची पंगत तेथे पूर्वीपासून होती, तिलाच अभ्यासक्रमाचा भाग मानले. मला तेथील हे पोषणशिक्षकाचे पद सर्वांत अनुकरणीय वाटते.

तंजावरास असा माणूस नव्याने शोधावा लागणार नाही. तमिळनाडूच्या प्रत्येक भोजन केंद्रावर एक संघटक असतो, बहुधा एखादी बाई, जिला रोजचा तांदूळ, डाळ, तेल यांचा हिशेब तोंडपाठ असतो. तिला पद्धतशीर प्रशिक्षण द्यावे, मानधनात भर घालावी आणि आठवड्यातून एक तास वर्गात उभे करावे. कोठीतला तराजू गणिताच्या तासाला आणावा आणि मुलांनी डाळ, भाजी, साखर स्वतः तोलून पाहावी. गावातच राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था आहे. तिने हे प्रशिक्षण देणे काही अवघड नाही. जिल्ह्याच्या शेतांतले माप्पिळ्ळै सांबा, करुप्पु कवुनी यांसारखे पारंपरिक तांदूळ ‘नेल’ जयरामन यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून जपले. ते मुलांना निदान कोंड्यासकट हाताळावयास मिळावेत. आणि जेथे पंगत नाही त्या खासगी शाळांनाही, मान्यता हवी असल्यास, पोषणशिक्षक नेमण्याचे आणि मैदान मोकळे ठेवण्याचे बंधन घालावे, कारण खाऊचे पैसे आणि टपरी यांची सांगड तेथेच अधिक पक्की आहे.

एक गोष्ट येथे आग्रहाने सांगितली पाहिजे. वर्गासमोर मुलांची वजने करून आकडे मोठ्याने वाचण्याची रीत काही शाळांत आहे, ती तत्काळ बंद व्हावी. लठ्ठ मुलाला हिणवून कोणी सडपातळ झालेला नाही. ते मूल फक्त मैदानावर यायचे टाळते आणि चोरून खाऊ लागते. वजनाची नोंद वैद्याच्या आणि पालकांच्या हाती राहावी, आणि वर्गात शिकवायचे ते सर्वांनी मिळून शिकायचे असावे.

तंजावरच्या मराठी दरबारास आहार हा शास्त्राचा विषय वाटत असे. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेले रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात धान्ये, भाज्या, दूध यांच्या गुणदोषांची चर्चा केली, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाकग्रंथ आजही आहे. ज्या महाराष्ट्रातून ही मंडळी तिकडे गेली, तेथे २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून चटकदार तळीव खाण्यावर बंदीचा हुकूम निघाला, २०२३ च्या अखेरीस आठवड्यास एक अंडे देण्याची तरतूद झाली, आणि २०२५ च्या आरंभी त्या अंड्याचा निधी सरकारने थांबविला. जेथे ताटातले एक अंडे टिकत नाही तेथे पोषणाचा तास कोण घेणार, हा प्रश्न आपल्या विधिमंडळात विचारला जावा. तोवर तमिळनाडूच्या शिक्षण, समाजकल्याण आणि आरोग्य या तीन खात्यांच्या सचिवांनी तंजावर जिल्ह्यापुरता एक संयुक्त आदेश काढून संघटक बाईंचा तास येत्या जूनपासून वेळापत्रकात घालावा आणि वर्षअखेरीस त्याचा अहवाल मराठी मुलुखानेही मागवून घ्यावा.