नाहीसे झालेले बूच : डिफरन्शियलचे ऑइल, मोटारीचा मालक आणि एका हक्काचा इतिहास

१/ स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध धातूची एक पेटी असते. तिच्यात साधारण लीटरभर जाड, गंधकाच्या वासाचे ऑइल असते. जुन्या गाड्यांत या पेटीला दोन बुचे असत : वरचे ऑइल भरण्यासाठी, खालचे ते सोडण्यासाठी. गेल्या काही दशकांत अनेक गाड्यांवरून खालचे बूच नाहीसे झाले. हा धागा त्या बुचाविषयी आहे.

२/ बुचाबरोबर दोन विधाने रूढ झाली. पहिले : डिफरन्शियलचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ असते, ते बदलावे लागत नाही. दुसरे : बदलायचेच असेल, तर ते मालकाने घरी करण्याचे काम नव्हे. दोन्ही विधाने तांत्रिक सत्य म्हणून सांगितली जातात. इतिहास तपासला, तर पहिले अर्धसत्य ठरते आणि दुसरे उघडउघड व्यापारी सोयीचे.

३/ आधी यंत्र समजून घ्यावे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर एकाला घसरावेच लागेल. डिफरन्शियल इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना पुरवते आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. हे सारे दात्यांच्या काही चाकांवर चालते.

४/ या यंत्राचा इतिहास म्हणून समाजमाध्यमांवर जे फिरते, ते बहुधा ‘पहिला कोण?’ या एकाच प्रश्नाभोवती. चीनचा दक्षिणदर्शक रथ पुढे केला जातो. पण त्यात डिफरन्शियल होते ही विसाव्या शतकातील एक पुनर्रचना आहे, आणि ती मांडणारे जॉर्ज लँचेस्टर स्वतः ब्रिटिश मोटार-अभियंता होते. मूळ रथ एकही उरलेला नाही.

५/ ग्रीसच्या अँटिकिथेरा यंत्राचीही तीच गत. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७४ मध्ये त्यात डिफरन्शियल असल्याचे मांडले; नंतरच्या संशोधनाने ते मत मागे पडले. तरीही ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे डिफरन्शियल’ अशा मथळ्यांचा पूर ओसरत नाही. आद्यत्वाचा मोह पुराव्यापेक्षा चिवट असतो.

६/ निश्चित धागा एकोणिसाव्या शतकात सापडतो. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल योजले. १८७७ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी ते तीनचाकी सायकलीला बसवले. १८८६ मध्ये पेटंट मिळालेल्या कार्ल बेंझ यांच्या मोटारीतही ते होते. बहुतेक लेख इथेच संपतात, आणि आक्षेप नेमका यालाच आहे.

७/ यंत्राचा शोध एकदा लागतो; ते चालू ठेवण्याचे काम मात्र रोजचे असते. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’मध्ये हेच बजावले : तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपुरता लिहिला, की वापर आणि देखभाल करणारी माणसे त्यातून गळून पडतात. ती एकदा इतिहासातून गळाली, की त्यांच्या हातून पाना काढून घेणेही सोपे जाते.

८/ वास्तविक मोटारीचा पहिला दूरचा प्रवास हाच मुळी दुरुस्तीचा प्रवास होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. तुंबलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, तारेच्या वेष्टनाला मोज्याचा बंद वापरला आणि वाटेत चांभाराकडून ब्रेकला चामडे लावून घेतले. इंधन घेतले ते विस्लोखच्या औषधविक्रेत्याकडून.

९/ ही हकिकत ‘पतीच्या यशामागील पत्नी’ अशा गोड चौकटीत सांगितली जाते. ती चौकट फसवी आहे. कागदावर पेटंट असलेले यंत्र रस्त्यावर टिकते, हे दाखवणारी व्यक्ती त्याची वापरकर्ती होती. आणि ते टिकले, कारण ते उघडता येत होते व तिला उघडता आले.

१०/ पुढच्या दोन दशकांत श्रीमंत मालकांनी मोटार शोफरच्या हाती सोपवली. लवकरच तक्रारी सुरू झाल्या : शोफर गॅरेजवाल्यांकडून सुट्या भागांवर दलाली घेतात, नसलेल्या बिघाडांची बिले लावतात. यंत्र न कळणारा मालक त्या यंत्राच्या जाणकारापुढे हतबल होतो, हा धडा १९१० पूर्वीच गिरवून झाला होता. जाणकाराची जागा आज कंपनीने घेतली, एवढाच फरक.

११/ मग १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. तिची मालकांसाठीची पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात होती : अमुक बिघडले तर काय करावे, तमुक कसे जुळवावे. अमेरिकी शेतकऱ्यांनी तर याच्याही पुढे मजल मारली. मागचे एक चाक उचलून त्यांनी त्यावर पट्टा चढवला आणि मोटारीवर करवत, पंप, कपडे धुण्याचे यंत्र चालवले.

१२/ इथे डिफरन्शियलच कामाला आले. एक चाक जमिनीवर थांबलेले असले, की उचललेले चाक दुप्पट गतीने फिरते. शेतकऱ्यांना हे सिद्धान्ताने शिकवावे लागले नाही. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ च्या निबंधात दाखवून दिले, की मोटार म्हणजे काय हे ठरवण्यात या ग्रामीण वापरकर्त्यांचा वाटा निर्मात्यांइतकाच खरा होता.

१३/ ऑइल महत्त्वाचे झाले १९२६ च्या सुमारास. पॅकार्ड कंपनीने ग्लीसनच्या तंत्राने घडवलेले हायपॉइड गिअर वापरात आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्याखाली सरकवलेले असते. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडी बुटकी करता येते. स्पोर्ट्‌स कारची जमिनीलगतची बैठक काही अंशी या सरकवलेल्या पिनियनची देणगी आहे.

१४/ या देणगीची किंमत ऑइलला मोजावी लागली. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साध्या ऑइलचा थर तिथे फाटतो. म्हणून धातूवर रासायनिक लेप धरणारी, गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेली ऑइले आली. डब्यावरील ‘जीएल-५’ ही श्रेणी याच कामाची. पेटी उघडताच नाकात शिरणारा उग्र वास त्याच गंधकाचा.

१५/ शर्यतीने आणखी एक गुंतागुंत वाढवली. साधे डिफरन्शियल घसरणाऱ्या चाकालाच फिरवत बसते. ऑटो युनियनच्या ताकदवान शर्यती मोटारींत हे फार जाणवले, म्हणून १९३५ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ कंपनीकडून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल करवून घेतले. आजच्या कित्येक स्पोर्ट्‌स कारमध्ये त्याचीच भावंडे असतात. त्यांपैकी क्लच-पट्ट्यांच्या जातीत पट्ट्यांची झीजही त्याच ऑइलात उतरते.

१६/ आता ‘आयुष्यभराचे ऑइल’ तपासू. इंजिनाला ऑइल फिल्टर असतो. मोटारीच्या डिफरन्शियलला सहसा नसतो. दात्यांचा झडलेला कण आत फिरत राहतो. उष्णतेने मिश्रद्रव्ये झिजतात, हवेच्या छिद्रातून ओलावा शिरतो. शर्यतीच्या मार्गावर किंवा घाटात जोरात चाललेल्या गाडीत हे वेगाने घडते. मग ऑइल आयुष्यभराचे, ते कोणाच्या आयुष्याचे? गाडीच्या, की वॉरंटीच्या?

१७/ उत्तराची एक खूण शेजारच्याच पेटीत सापडते. अनेक मोटारींत स्वयंचलित गिअरबॉक्सचे ऑइलही ‘आयुष्यभराचे’ म्हणून खपवले जाते. पण तेच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. पेटी घडवणारा एक सांगतो, गाडी विकणारा दुसरे. पहिल्या मालकाला देखभालीचा खर्च कमी दिसला, की गाडी विकणे सोपे जाते. झीज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येते.

१८/ म्हणूनच नाहीसे झालेले बूच हे एक साधन आहे, इतिहासाच्या अर्थाने. दस्तऐवजात काय लिहिले आहे याइतकेच काय वगळले आहे हेही वाचावे लागते. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या मझदा एमएक्स-५ च्या पेटीला दोन्ही बुचे आहेत. तिच्या रचनाकाराने गाडीखाली शिरणारे कोणीतरी गृहीत धरले होते. एकाच बुचाच्या पेटीने एका भोकाचा खर्च वाचवला आणि त्याबरोबर त्या माणसालाही वगळले.

१९/ ते काम प्रत्यक्षात आहे तरी केवढे? थोडी चालवून ऑइल कोमट करावे. गाडी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर समपातळीत ठेवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. मग पहिला आणि न मोडायचा नियम : आधी वरचे बूच उघडावे. ते गंजून अडले आणि ऑइल आधीच सोडून दिले असेल, तर कोरडी पेटी घेऊन बसण्याची वेळ येते.

२०/ वरचे सैल झाले, की खालचे उघडून ऑइल भांड्यात सोडावे. त्याच्या चुंबकावर बारीक करडा लगदा दिसणे स्वाभाविक. धातूचे कपचे किंवा दात्याचे तुकडे दिसले, तर गाडी जाणकाराकडे न्यावी. बूच पुसून, नवा वॉशर घालून, ठरलेल्या जोराने आवळावे. पुस्तिकेत सांगितलेले ऑइल हातपंपाने वरच्या भोकातून ते काठावरून ओघळेपर्यंत भरावे. क्लच-पट्ट्यांचे डिफरन्शियल असेल, तर त्याला लागणारे घर्षण-द्रव्य विसरू नये. खालचे बूचच नसेल, तर जुने ऑइल त्याच पंपाने वरून ओढून काढता येते.

२१/ आक्षेप ऐकायला हवेत. गाडीखाली काम करणे धोक्याचे आहे, हे खरे. म्हणून स्टँड हवेत आणि पद्धत शिकायला हवी. जुने ऑइल गटारात ओतणे हा गुन्हाच मानावा. ते झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचवावे. विद्युत-नियंत्रित डिफरन्शियल प्रत्येकाला घरी जमणार नाही, हेही खरे. पण यांतून निघतो तो काळजीचा सल्ला. मनाईचा अधिकार यांतून निघत नाही.

२२/ वॉरंटीचा बागुलबुवा तर कायद्यानेच हाणून पाडला आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार ठरावीक कंपनीचाच भाग किंवा सेवा पैसे देऊन घेण्याच्या अटीवर वॉरंटी बांधून ठेवता येत नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुमारे ८६ टक्के मतदारांनी मोटारींच्या दुरुस्ती-हक्काच्या बाजूने कौल दिला.

२३/ भारतही या इतिहासाबाहेर नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याचा ठपका त्यांच्यावर होता. निर्णयाविरुद्ध अपिले झाली. पण प्रश्न सार्वजनिक नोंदीत आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती-हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही उघडले.

२४/ इतिहासाच्या तरुण वाचकांना हे एका ऑइलचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. मालकी म्हणजे काय, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. शेताची मालकी, विहिरीची मालकी, छापखान्याची मालकी यांवर ग्रंथ लिहिले गेले. जी वस्तू विकत घेतली पण उघडता येत नाही, तिच्या मालकीचा इतिहास अजून लिहिला जातो आहे.

२५/ तो लिहिताना पेकर, स्टार्ली, बेंझ ही नावे यावीतच. त्यांच्याबरोबर टोपीची पिन यावी, मॉडेल टीच्या चाकावर पट्टा चढवणारा शेतकरी यावा, आणि रविवारी सकाळी घराच्या आवारात गाडी स्टँडवर चढवून वरचे बूच आधी उघडणारा मालकही यावा. पुढची गाडी पाहायला जाल, तेव्हा वाकून मागची पेटी पाहा आणि बुचे मोजा.