पेट्रोलियममध्ये जायचंय, पण पदवी कोणती?

बारावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेतून बाहेर पडलेली मुलं अब्बांना घेऊन भेटायला येतात. "सर, पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालू का?" हा प्रश्न आता ठरलेलाच. त्यामागे बहुधा आखातातला एखादा मामू किंवा चाचा असतो. तो तिथे फिटर किंवा स्टोअरकीपर असतो आणि साहेब लोकांचा पगार त्याने जवळून पाहिलेला असतो. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखाताच्या पैशावर पेटली. आता पोरानं तिथं इंजिनिअर म्हणून जावं, ही इच्छा रास्तच आहे. माझा आक्षेप पदवीच्या नावाला आहे.

मला विचाराल तर बी.टेक.ला मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्यावं आणि पेट्रोलियमकडे मागाहून वळावं.

तेलाच्या धंद्यात एकटा पेट्रोलियम इंजिनिअर काम करत नाही. विहीर खोदायला पंप, मोटारी, व्हॉल्व्ह, पाइपलाइन, वीज, मोजमापाची यंत्रं हे सगळं लागतं. ओएनजीसीच्या भरतीत ड्रिलिंगच्या पदांसाठी मेकॅनिकलवालेही घेतात, उत्पादन विभागात केमिकलवालेही. रिफायनरीत तर केमिकल आणि मेकॅनिकलचंच राज्य. म्हणजे दार एकच नाही. उलट फक्त पेट्रोलियमची पदवी असेल, तर बाहेर पडायची दारं कमी होतात.

आणि बाहेर पडायची वेळ येते. 2014 च्या जूनमध्ये कच्चं तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं. त्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा दुसऱ्या वर्षात असतानाच, 2016 च्या जानेवारीत, ते तीसच्याही खाली घसरलं आणि जगभर तेल कंपन्यांनी माणसं कमी केली. एप्रिल 2020 मध्ये तर अमेरिकेत वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. पदवीला चार वर्षं लागतात, भावाला चार महिने पुरतात. अशा वेळी मेकॅनिकलचा मुलगा वाहन कारखान्यात किंवा वीज केंद्रात जाऊ शकतो.

आखातही मामूच्या काळातलं राहिलेलं नाही. सौदीने 2011 पासून निताकात लावून कंपन्यांना स्थानिकांना घ्यायला भाग पाडलं. धहरानच्या किंग फहद विद्यापीठातून त्यांचेच पेट्रोलियम इंजिनिअर तयार होतात.

नावांचा घोळ वेगळाच. पेट्रोलियम म्हणजे तेल शोधणं आणि वर काढणं. पेट्रोकेमिकल म्हणजे त्यापासून प्लास्टिक, धागे, रसायनं बनवणं. ही शाखा आपल्या रायगडमध्ये, लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकवतात. आणि मुंबईच्या आयसीटीतलं 'ऑइल टेक्नॉलॉजी' हे खाद्यतेल आणि साबणाकडचं आहे! नाव वाचून फॉर्म भरू नका, अभ्यासक्रम वाचा.

धनबादच्या आयआयटीत पेट्रोलियमची जागा मिळत असेल, तर माझं वरचं सगळं विसरा आणि बिनधास्त घ्या. तिथे कंपन्या स्वतः दारात येतात. मी बोलतोय ते लाखो रुपये फी घेणाऱ्या खासगी कॉलेजांबद्दल.

कारण आपल्याकडे व्याजाचं कर्ज नको म्हणून अनेक घरं बँकेत जातच नाहीत. मग अम्मीचे दागिने मोडतात, नाहीतर मामू आणखी दोन वर्षं परत येत नाही. एवढं पणाला लागत असेल, तर प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन सरळ विचारा: गेल्या चार वर्षांत या शाखेतून किती मुलं बाहेर पडली, त्यातली तेल आणि वायूच्या कंपनीत किती लागली, त्यांची नावं आणि कंपन्या दाखवाल का? माहितीपत्रकातला हेल्मेटवाला फोटो पुढे केला, तर सलाम करून निघा.