लुगडे उतरवून घरी जाणारा नट

1912 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही, आणि उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून त्यांनी वेळ निभावून नेली. पुढे ‘लंकादहन’मध्ये (1917) याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आज या इतिहासाकडे कौतुकाने पाहिले जाते. परंतु फाळक्यांची ती अडचण होती, निवड नव्हे. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’च्या निमित्ताने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्या अडचणीचा शेवट सुरू झाला. बालगंधर्वांच्या नावाने आजही हात जोडणारा रसिक, शकुंतलेचे काम पुरुषानेच करावे असा आग्रह धरणार नाही. मग तीच अडचण पारलिंगी पात्रांच्या बाबतीत शंभर वर्षांनंतर ‘अभिनयसामर्थ्य’ या भारदस्त नावाने कशी काय मिरवते?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. 2008 या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता उपेंद्र लिमये, चित्रपट ‘जोगवा’. 2014 साठी संचारी विजय, कन्नड चित्रपट ‘नानू अवनल्ला अवळू’. 2017 साठी रिद्धी सेन, बंगाली ‘नगरकीर्तन’. 2019 साठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता विजय सेतुपती, तमिळ ‘सुपर डिलक्स’. चौघेही समर्थ नट, चारही कामे कष्टाची. त्यांच्या गुणवत्तेविषयी वाद घालणे क्षुद्रपणाचे ठरेल. प्रश्न वेगळाच आहे. ज्या देहाला साडी नेसल्याबद्दल रस्त्यावर दगड मिळतो, त्याच साडीबद्दल दुसऱ्या देहाला सन्मानचिन्ह मिळते, आणि या दोहोंतला फरक इतकाच की दुसऱ्याला ती साडी संध्याकाळी उतरवून ठेवता येते. टाळी पडते ती त्या उतरवता येण्याला.

‘जोगवा’चे उदाहरण मराठी वाचकाने विशेष तपासावे, कारण तो आपल्या चांगल्या चित्रपटांपैकी एक आहे. राजन गवस आणि चारुता सागर यांच्या लेखनाचा भक्कम आधार त्याला लाभला. यल्लम्माच्या नावाने माणसे सोडण्याच्या प्रथेविरुद्धचा त्याचा संतापही अस्सल आहे. तथापि त्यातील तायप्पा हा मुळात पुरुष. गावाने बळजबरीने त्याला जोगता केले, लुगडे नेसवले. त्याची मुक्ती म्हणजे अर्थातच ते लुगडे टाकून सुलीचा हात धरणे. तायप्पापुरते हे शंभर टक्के न्याय्य! परंतु जोगत्यांमध्ये असेही काही असतात की, ज्यांना देवीच्या त्या लुगड्यातच प्रथम स्वतःचा चेहरा सापडला. अंधश्रद्धेच्या त्या क्रूर व्यवस्थेत अनवधानाने उरलेली ती एकच फट त्यांना जगवून गेली. त्यांची कथा अधिक अवघड आहे, कारण तिच्यात प्रथेचा धिक्कार आणि प्रथेचे ऋण एकाच श्वासात उच्चारावे लागतील. ती पडद्याने टाळली. ‘नटरंग’मध्येही (2010) शोक होतो तो नाच्या झालेल्या पैलवानाच्या पौरुषावर जग शंका घेते याचा, पौरुष नकोच असलेल्याचा नव्हे.

या टीकेला एक ठराविक उत्तर मिळते: नटाने परकाया प्रवेश करावयाचा नाही तर काय करावयाचे? खुनी माणसाचे काम करण्यासाठी खून करावा लागतो काय? उत्तर चतुर आहे, आणि परकाया प्रवेशाची वाट दुतर्फा असती तर ते पुरेसेही ठरले असते. पारलिंगी नटीला कारकुनाची बायको, शाळामास्तरीण, सरकारी वकील अशी कामे सहज मिळत असती तर हिजड्याचे काम कोणी केले याची उठाठेव कोणीही केली नसती. येथे वाट एकेरी आहे. त्यांच्या कायेत सर्वांनी शिरावे. त्यांनी मात्र कोणाच्याही कायेत शिरू नये, आणि स्वतःच्या कायेत उभे राहावयाचे तर गर्दीच्या दृश्यात. ‘सडक’मधील (1991) महाराणीच्या भूमिकेने सदाशिव अमरापूरकरांना फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळवून दिला, त्या महाराणीची भीती कोणाच्या वाट्याला आली असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

‘नानू अवनल्ला अवळू’ ज्या आत्मकथनावर आधारला, ते लिव्हिंग स्माइल विद्या यांचे. त्या स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री आहेत. आयुष्य त्यांचे, पुस्तक त्यांचे, कसबही त्यांच्यापाशी. पडद्यावर मात्र पुरुष. मराठीच्या अंगणातले उदाहरण याहून फारसे निराळे नाही. 2017 साली विक्सच्या जाहिरातीत श्रीगौरी सावंत यांनी स्वतःचीच, एका मुलीच्या आईची, भूमिका केली आणि देशभरच्या प्रेक्षकांनी डोळे पुसले. 2023 मध्ये ‘नटरंग’चेच दिग्दर्शक रवी जाधव यांनी त्यांच्या जीवनावर ‘ताली’ ही मालिका केली, तेव्हा त्या जागी सुष्मिता सेन होत्या. पुरुषाऐवजी स्त्री घेतली, म्हणजे गौरी ही स्त्री आहे एवढे तरी मान्य केले, ही त्यातल्या त्यात प्रगतीच म्हणावयाची. परंतु सर्दीखोकल्याच्या औषधाला जे धैर्य झाले ते कलेला होऊ नये, याची लाज कलावंतांना वाटावयास हवी.

प्रेक्षकांची तयारी नाही, ही सबब तर केव्हाच निकालात निघाली आहे. 2019 साली प्रदर्शित झालेल्या ‘पेरन्बु’ या तमिळ चित्रपटात दिग्दर्शक राम यांनी मीरा या पारलिंगी स्त्रीची भूमिका अंजली अमीर या पारलिंगी अभिनेत्रीलाच दिली. समोर मामुट्टी होते. चित्रपटगृहे ओस पडली नाहीत की आकाश कोसळले नाही. केरळच्या राज्य पुरस्कारांत 2021 या वर्षासाठी नेघा एस. यांना ‘अंतरम्’बद्दल गौरविण्यात आले, पण तोही स्त्रिया आणि पारलिंगी यांच्यासाठी राखलेल्या विशेष विभागात. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून नव्हे.